उजवी कळी

केतकी गुरवने निकाल पाहिला आणि पहिला संशय स्वतःवरच घेतला. तिच्या कामाला ते धरूनच होतं. समुद्राच्या तळातल्या चिखलात माणसाचा अंश सापडला आणि तो तुमच्याशीच जुळतो असं यंत्र म्हणालं, तर शहाण्याने आधी आपले हात बघावेत. हातमोजा सुटला असेल, शिंक निसटली असेल, डोक्यातला कोंडा पडला असेल. नमुन्यात बाहेरचं काहीही मिसळता कामा नये, हा तिच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम होता. तो मोडणाऱ्यांना ती फाडून खात असे, आणि आता पाळी बहुधा तिचीच आली होती.

पणजीजवळच्या त्या संस्थेत ज्या यंत्रावर ती काम करत होती, त्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. किनाऱ्यावरच्या लोकांनी ते नाव ऐकून घेतलं आणि आपलं ठेवलं, मागकाढ्या. आकाराने मोठ्या सुरमईएवढं ते यंत्र महिनोन् महिने समुद्राच्या तळाशी सरपटत हिंडायचं, चिखलातलं पाणी घोटघोट ओढायचं आणि त्यात काय लिहिलंय ते पोटातल्या पोटात वाचून किनाऱ्यावर कळवायचं.

लिहिलेलं असतं, हे अगदी खरं. जिवंत प्राणी सारखा काही ना काही सांडत असतो. माशाचे खवले, आपली कातडी, लाळ, केस. त्या प्रत्येक कणात त्या जिवाची जनुकं असतात, म्हणजे त्याच्या शरीराचा सगळा मजकूर. उघड्या पाण्यात हा मजकूर थोड्या दिवसांत पुसला जातो. पण हाड चिखलात खोल रुतलं आणि त्याला हवा लागली नाही, तर ते आपला मजकूर वर्षानुवर्षं सांभाळतं आणि थोडाथोडा पाझरवत राहतं. मागकाढ्या बनवला होता मासे मोजायला. लाखो माशांच्या मजकुरातून माणसाची एखादी ओळ वेगळी काढणारी गाळणी केतकीने तयार केली, आणि मग सरकारने वादळात नाहीशा झालेल्या खलाशांचा शोधही त्याच्याकडे सोपवला. किनाऱ्यावरच्या घराघरांतून लोकांनी आपली लाळ नळीत घालून पाठवली. केतकीच्या घरून कोणी पाठवली नव्हती. त्या नोंदीत फक्त तिची स्वतःची होती.

तिने नमुना पुन्हा तपासला. माणसाच्या मजकुरात एक छोटा तुकडा असा असतो, जो निव्वळ आईकडून येतो. बापाचा त्यात काडीचाही वाटा नसतो. आई, तिची मुलगी, तिचा मुलगा, सगळ्यांत तो सारखाच. तळातून आलेला तुकडा केतकीशी जुळत होता तो हाच. पण नमुन्यात आणखीही एक धागा होता, जो बापाकडून फक्त मुलाला मिळतो. तो केतकीजवळ असणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिचे हात स्वच्छ होते. तिच्या आईच्या वंशातला कोणी पुरुष त्या चिखलात होता, आणि दोन्ही मावसभाऊ तर मुंबईत सुखरूप होते.

केतकीने खुर्ची मागे सरकवली. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या घरी असे निकाल कळवत आली होती. कळवताना आवाज कसा ठेवायचा, हेही तिला नीट जमत होतं. आता तिला वाटलं, त्या पडद्यावर नुसता गाल टेकवून बसावं. धाकटा भाऊ सोहम इतकी वर्षं तिथे होता, आणि तो सापडायला बहिणीचंच रक्त लागलं.

तरीही हा निकाल पक्का नव्हता. बापाच्या धाग्याची खात्री करायला बाबांची लाळ हवी होती. ती मागायला गावी, माडवेळला जावं लागणार होतं, आणि तिथे आई होती.

*

माडवेळच्या देवी पावणाईच्या देवळात कौल लावायची रीत फार जुनी. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या आणि देवीच्या पाषाणाच्या मूर्तीला चिकटवायच्या, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. मग गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. शेवटचा प्रश्न मात्र तो मनातल्या मनात विचारतो आणि सगळे वाट बघत राहतात. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, दुबईची नोकरी, गावात कशालाही कौल लागे. आता तर मुंबईतले चाकरमानी पडद्यावरूनच कौल बघत. कळी पडताक्षणी निकाल जाहीर करणारं यंत्र बसवायचा घाटही देवस्थानच्या कमिटीने घातला होता. केतकीचे वडील, आत्माराम गुरव, एवढंच म्हणाले होते, “मगे माका खंय बसवतलात?” तिथेच तो विषय बारगळला.

शाळेत असताना केतकीने या कौलावर विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग केला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाटा उभा केला, त्याला भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या आणि दुपारभर बघत बसली. कळ्या भिजवून देण्याचं काम आईचं, शालनचं. ती पदर खोचून प्रयोगात अशी रमली की चुलीवरचा भात करपला. निष्कर्ष साधा होता. खिडकीकडच्या बाजूचं पाणी वाऱ्याने आधी सुकतं, पकड सुटते आणि त्या बाजूची कळी आधी पडते. देवळातली खिडकी देवीच्या उजव्या हाताला होती. केतकीला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. आत्मारामांनी तो तक्ता पूर्ण वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून ते कौल लावण्याआधी ती खिडकी बंद करू लागले. कोणी विचारलं तर म्हणत, “देवीक वाऱ्याची मदत नको.”

सोहम धाकटा. बापामागून देवीची पूजा त्यानेच करायची, हे त्याच्या जन्मापासून ठरलेलं. पण त्याचा जीव सगळा समुद्रात. मित्राच्या लाँचवर जायचं म्हणून तो हटून बसला. बाप नाही म्हणाला, तेव्हा आईनेच तोड काढली, “देवीक विचारूया.” नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कौल लावला. खिडकी बंद होती. उजवी कळी पडली. सोहम नाचतच बंदरावर गेला, आणि त्या हंगामातल्या पहिल्याच वादळात ती लाँच गेली ती गेलीच.

बरोबरच्या तिघांच्या घरी पुढे क्रिया झाली. शालनने होऊ दिली नाही. तिचा तर्क बिनतोड होता आणि केतकीसारख्या शास्त्रज्ञ मुलीच्या तोंडावर तो फेकून मारताना तिला मजाही वाटे.

“देवी खोटा बोलणा नाय. देवीन जा म्हटल्यान. देवी काय पोराक मराक धाडतली? म्हणजे तो येतलो. आणि वाऱ्याचा सांगू नको माका. खिडकी बंद होती. वारो तू काढून टाकलंस, मगे काय रवला?”

“आये, पाणी नुसत्या वाऱ्यानच सुकता असा नाय. दगड खडबडीत आसता, कळयेचा वजन आसता. अर्धे बारी उजवी पडतली, अर्धे बारी डावी.”

“पडतली मगे. पण त्या दिसा उजवी पडली.”

दर वर्षी त्याच दिवशी शालन कौल लावायला जाई. माझा झील येणार ना, एवढंच विचारायचं. दर वर्षी केतकी फोनवर किंवा घरी येऊन तिच्याशी भांडे, आणि दर वर्षी उजवी कळी पडे. मग शालन घरी येऊन खापरोळ्या करी, सोहमच्या आवडीच्या. नारळाचं गोड दूध वाटीत काढून त्याचं ताट मांडी. संध्याकाळी ते ताट गाईला जाई. यंदा बारा वर्षं पुरी होत होती. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकावी, अशी रूढी. भटजींनी तसा निरोप पाठवला होता. शालनने भटजींना उलट निरोप पाठवला, की जित्या माणसाची क्रिया करतात त्या गावचे तुम्ही असाल, आम्ही नव्हे.

*

केतकी किनारी मार्गावरच्या विनाचालक बसमधून उतरली, तेव्हा शालन फाटकातच उभी होती.

“औंदा आधीच इलंस?” तिने विचारलं.

“रजा उरलेली.”

“सुकलंस किती. थय काय मासे नुसते मोजूकच देतत, खावक देणत नाय?”

केतकी हसली. आईच्या खांद्याला खोबरेल आणि लाकडाच्या धुराचा वास येत होता. तिने तो मिठीत जरा जास्तच वेळ घेतला आणि लगेच स्वतःला आवरलं. जेवताना शालनने परवाच्या कौलाचा विषय काढला, भटजींना दिलेला जबाब रंगवून सांगितला आणि लेकीकडे आव्हान दिल्यासारखं बघितलं. केतकीने सोलकढीची वाटी तोंडाला लावली. “लावा कौल,” ती म्हणाली. “मी पण येतंय.”

शालनचा हात क्षणभर भाताच्या टोपावर थांबला. मग तिने लेकीला आणखी भात वाढला.

दुपारी केतकी देवळात गेली. आत्माराम समया घासत बसले होते. गाभाऱ्यात नेहमीचा थंडावा, तेलाचा वास, बंद खिडकीच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ. तिने पिशवीतून नळी आणि बोळा काढला. आत्मारामांनी तिच्याकडे बघितलं, समई खाली ठेवली आणि हात पंचाला पुसले.

“गावलो?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक. खात्री करूची आसा.”

त्यांनी तोंड उघडावं म्हणून केतकीने बोळा पुढे केला, पण हात तिथेच थांबला. इतक्या वर्षांचा प्रश्न आज विचारला नसता तर तिला तो कधीच विचारता आला नसता.

“बाबानू, आयेच्या कौलाक उजवी कळी तुमी कमी ओली करून लावतात काय?”

“लबाडी माका जमता?” आत्माराम म्हणाले. “जमली आसती तर आज मी सरपंच आसतंय.”

“मगे दर वर्साक उजवीच कशी पडता? नाणा उडवला तरी दर बारीक छापो पडणा नाय.”

“दर वर्साक खंय? मधी दोनदा डावी पडली.”

“माका कोणी सांगूक नाय!”

“तुका सांगान भांडण कोण ओढवून घेतला?”

“आये काय म्हणाली?”

“म्हणाली, देवी दमली आसतली. पुढच्या वर्साक विचारू.” आत्माराम हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. “आणि घराक जावन खापरोळ्यो केल्यान.”

केतकीलाही हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईट वाटलं. बाहेर माडांच्या झावळ्या सळसळत होत्या. आत्माराम मूर्तीकडे तोंड करून बसले, जणू पुढचं लेकीबरोबर देवीलाही सांगायचं होतं.

“खरा सांगू? ती जा विचारता ता मी देवीक कधी विचारूकच नाय.”

“म्हणजे?”

“गाऱ्हाणा मी मोठ्यान घालतंय. पण शेवटचो प्रश्न मनातलो, तो माझो. तो येतलो काय म्हणान विचारलंय, आणि देवीन होय म्हटल्यान, आणि तो इलोच नाय, तर? देवी खोटी पडतली. देवीक असल्या पेचात कसा टाकूचा? म्हणान मी इतक्याच विचारतंय, आये पावणाई, आजचो दिस शालनीक ह्या आशेर जगांदे काय? ती होय म्हणता. दोनदा नाय म्हणाली. तेव्हा मी शालनीक खरा सांगूक गेलंय. तिना बोलूकच दिल्यान नाय.”

“म्हणजे तुमका म्हायत होता. तो नाय म्हणान.”

“बापाक कळता,” आत्माराम म्हणाले. “पण कळणा येगळा आणि म्हायत आसणा येगळा. म्हायत करूचा काम तुझा.” आणि त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं.

केतकीने बोळा त्यांच्या गालाच्या आतून फिरवला. या माणसाने आपल्या देवीला खोटं ठरण्यापासून वाचवायला प्रश्नच बदलला होता. प्रयोगशाळेत कोणी असं केलं असतं तर तिने त्याला हाकलून दिलं असतं. इथे तिला बापाच्या कुशीत शिरून रडावंसं वाटलं, आणि ती रडलीही.

नळी तिने संध्याकाळच्याच बसने पणजीला धाडली. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, ती अंगणात दात घासत असताना मनगटावरच्या पडद्यावर आला. शंकेला जागा उरली नव्हती. तिने वर बघितलं. आत्माराम तगरीची फुलं काढत होते. तिने मान हलवली. त्यांनी परडी पायरीवर ठेवली आणि तिच्या शेजारी टेकले. मग पुन्हा उठून फुलं काढू लागले, कारण पूजा चुकवून चालणार नव्हती.

“तू सांग तिका,” ते पाठमोरेच म्हणाले. “माझ्या तोंडात येवचा नाय.”

तो दिवसभर केतकी आईच्या मागे मागे होती. सांगायचं तर काय सांगायचं? देवी खरी म्हणून सोहम जिवंत, हा आईचा हिशोब. सोहम जिवंत नाही म्हटलं की त्याच हिशोबाने देवीही खोटी पडणार होती. एका वाक्यात आईचा मुलगा जाणार होता आणि देवीही. मग तिच्यापाशी उरणार काय, तर एक म्हातारा नवरा आणि एक मुलगी, जिने हे दोन्ही हिरावलं. शालन मात्र मजेत होती. नारळ खवत होती, गूळ चिरत होती, आणि सोहम लहानपणी गुळाचे खडे चड्डीच्या खिशात भरून मुंग्या कसा घरी आणायचा, ते सांगत होती. तिच्या तोंडून ते ऐकताना केतकीला भावाची फार आठवण आली. इतकी वर्षं तिने त्याची आठवण आईच्या हवाली करून टाकली होती. आपण फक्त त्याला शोधत राहिलो, त्याच्यासाठी झुरायचं राहूनच गेलं, हे तिला त्या खोबऱ्याच्या ढिगाशी बसून पहिल्यांदा कळलं.

रात्रीच्या जेवणाआधी ताटं घेताना तिने चौथं ताट स्वतःच मांडलं. सोहमचं. शालनने ते बघितलं.

*

सकाळी तिघं देवळात गेली. शालनने हिरवं लुगडं नेसलं होतं. आत्मारामांनी खिडकी लावून घेतली, मूर्ती पुसली, कळ्या भिजवल्या आणि दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. गाऱ्हाण्यासाठी हात जोडले, तशी शालन म्हणाली, “जरा रवा. आज मी विचारूचंय नाय. केतकी विचारतली.”

“मी?” केतकी गांगरली. “आये, माझो इश्वास नाय, तुका म्हायत आसा.”

“देवीक म्हायत आसा तेवढा पुरे. विचार.”

आत्मारामांनी लेकीकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि गाऱ्हाणं घालू लागले. बारा राठीच्या राखणदारणी, आये पावणाई, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाशी इला आसा, त्याच्या मनातला ऐक, त्याका वाट दाखय. आवाज नेहमीसारखाच घुमला. मग ते थांबले आणि बाजूला झाले.

केतकीने देवीसमोर बसून हात जोडले. विचारायचं कसं, हेही तिला आठवेना. पाषाणाच्या डोळ्यांकडे बघत तिने मनात म्हटलं, सांगू का तिला? आणि हे म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपण देवीला विचारतच नाही आहोत. आपण आईला विचारतोय. आये, तुका सांगू? तू उभी रवशील ना? मी गमावलंय तेका, आता तुका गमावूचा नाय माका.

कळ्या हलेनात. बंद गाभाऱ्यात हवा कोंदट झाली होती. केतकीच्या डोक्यात सवयीने आकडे सुरू झाले, दमटपणा किती, पाणी सुकायला किती वेळ लागेल. तिने ते थांबवले. कधी नव्हे ते तिला उत्तर हवं होतं, कुठूनही.

तेव्हा शालन उठली. गुडघ्यावर हात देत सावकाश चालत गेली आणि तिने खिडकीची कडी काढली.

“शालनी!” आत्माराम म्हणाले.

“वारो येवंदे.”

दोन्ही दारं तिने सताड उघडली. समुद्रावरचा वारा आत आला, समईची ज्योत आडवी झाली. पाटा, करपलेला भात आणि पहिलं बक्षीस या बाईला चांगलंच आठवत होतं, हे केतकीला कळलं. दोघी मायलेकी बघत राहिल्या. उजव्या खांद्यावरचं पाणी कडेने सुकत गेलं. कळी किंचित कलली आणि देवीच्या पायाशी पडली.

“उजवी,” आत्माराम म्हणाले.

“काय विचारलंस?” शालनने विचारलं.

“तुका सांगू काय, म्हणान.”

“मगे सांग.”

शालन केतकीसमोर खाली बसली आणि तिने लेकीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

“दर वर्साक तू माझ्याशी भांडतंस,” ती म्हणाली. “औंदा भांडूक नाय. ताट मांडलंस. तेव्हाच माका कळला. माझ्या चेडवान भांडाचा सोडल्यान म्हणजे भांडूक काय रवला नाय.” तिने एक मोठा श्वास घेतला. “खंय आसा तो?”

मग केतकीने सांगितलं. मागकाढ्याबद्दल, चिखलाबद्दल, आईकडून आलेल्या तुकड्याबद्दल. “तुझ्याकडसून माका मिळाला, तुझ्याकडसून तेका. तेच्यावरसून गावलो. तू दिल्ला आणि बाबानी दिल्ला, तेवढाच तेच्याकडे रवला, आये. बाकी सगळा समुद्रान व्हावून न्हेल्यान.” जागा सांगितली, दीपगृहाच्या पश्चिमेला, जिथे लाँचा पापलेटाच्या मागे जातात. शालन ऐकत होती. मध्येच तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जनावराच्या पोटातून निघतो तसा, आणि ती पुढे वाकली. आत्माराम तिच्याजवळ येऊन बसले. इतकी वर्षं वाट बघताना शालन एकदाही मोकळी रडली नव्हती. रडणं म्हणजे कबूल करणं झालं असतं.

शेवटी तिने पदराने तोंड पुसलं आणि देवीकडे बघितलं. केतकीला याचीच भीती होती.

“तिका दोष नाय,” शालन हळूच म्हणाली. “देवीन जा म्हटल्यान. परत येतलो म्हणान तिना कधी सांगूकच नाय. ता माझा मीच धरलंय.” मग तिने केतकीकडे बघितलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच म्हातारी दिसत होती. “गार आसतला गो थय? तेका थंडी सोसा नाय. पावसात भिजलो काय कुडकुडाचो.”

केतकीला त्या ठिकाणच्या तळाचं तापमान पाठ होतं. इतकी वर्षं ती ते आकडे नुसते भरत आली होती, त्यांचा कोणाला उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

“नाय गो, आये. थयचा पाणी बारा म्हयने कोमटच आसता.”

“खरा?”

“खरा. मापलेला आसा.”

शालनने मान हलवली. मग हात लांबवून देवीच्या पायाशी पडलेली कळी उचलली, कपाळाला लावली आणि लेकीच्या ओंजळीत ठेवली. “तुझा यंत्र थय जाता ना? तेच्याबरोबर ही धाड. सोड म्हणा तेच्याजवळ.”

नमुन्यात बाहेरचं काहीही मिसळता कामा नये. केतकीने ओंजळ मिटली. “धाडतंय,” ती म्हणाली. पिशवीतून तिने नवी, कोरी नळी काढली, कळी त्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

आत्माराम उठले. वाऱ्याने समई विझली होती. ती पुन्हा लावायच्या आधी ते सवयीने खिडकीकडे गेले आणि त्यांनी एक दार ओढून घेतलं.

“रवांदे,” शालन म्हणाली. “उघडीच रवांदे ती.”